वाट आणि संहिता : सातबाराच्या निमित्ताने प्रलेखनाच्या रचनेचा विचार

१

मराठी समीक्षेने रूपबंधाचा विचार केला तो मुख्यतः कथात्म आणि काव्यात्म संहितांच्या संदर्भात. ज्या संहितेला आरंभ, मध्य आणि अंत असतो, जिचा वाचक पहिल्या पानावर प्रवेश करतो आणि शेवटच्या पानावर बाहेर पडतो, तीच समीक्षेची स्वाभाविक संहिता मानली गेली. परंतु लिखित व्यवहाराचा फार मोठा भाग या वर्णनात बसत नाही. शब्दकोश, पंचांग, खातेवही, कायद्याचे पुस्तक, यंत्राची माहितीपुस्तिका ही लेखने कोणीही अथपासून इतिपर्यंत वाचत नाही. त्यांचा वाचक मध्येच कोठेतरी उतरतो, हवे ते उचलतो आणि निघून जातो. संगणकप्रणालीचे प्रलेखन, म्हणजे प्रणाली कशी वापरावी, तिचे भाग कोणते, अडल्यास काय करावे हे सांगणारा लेखनसंभार, हे या जातीचे सर्वांत अलीकडचे आणि सर्वांत प्रभावी रूप आहे.

अशा लेखनात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. कोणत्या मजकुराशेजारी कोणता मजकूर ठेवावा, हा रचनेचा प्रश्न. वाचकाला ‘मी कोठे आहे आणि येथून कोठे जाऊ शकतो’ हे कसे कळावे, हा मार्गनिर्देशनाचा प्रश्न. तंत्रज्ञांच्या चर्चेत हे दोन्ही प्रश्न सोयीचे मानले जातात. प्रस्तुत विवेचनाची भूमिका वेगळी आहे. प्रलेखनाची रचना ठरवताना वाट कोणाच्या हाती ठेवायची याचाही निर्णय होत असतो. तो वाचकाच्या बाजूने झालेला नसेल, तर संहिता कितीही खुली असली तरी तिच्या दारात एक मध्यस्थ उभा राहतोच.

हा मुद्दा तपासण्यासाठी पुणे जिल्ह्यातील बारामती आणि इंदापूर हे दोन शेजारचे तालुके विशेष उपयोगी आहेत. मराठी पंडिती काव्यातील सर्वांत रचनासजग कवी बारामतीत राहिला. मुंबई इलाख्यातील जमीनमोजणीची जी पद्धत पुढे रूढ झाली, तिचा पहिला यशस्वी प्रयोग इंदापुरात झाला. त्या पद्धतीतून वाढलेले अभिलेख आज संगणकाच्या पडद्यावर वाचले जातात.

२

मोरोपंत (१७२९–१७९४) पन्हाळ्याहून येऊन बाबूजी नाईक बारामतीकरांच्या आश्रयाला राहिले आणि पुराणिकाच्या वृत्तीत त्यांनी आयुष्य घालवले. त्यांच्या नावावरील एकशे आठ रामायणांचा विचार मराठी समीक्षेने बहुधा शब्दचमत्कृतीच्या अंगाने केला आहे. कोठे ओष्ठ्य वर्णच वर्ज्य केलेले, कोठे रामनामाच्या त्रयोदशाक्षरी मंत्राची अक्षरे ठरावीक स्थानी गुंफलेली, असे हे खेळ ‘कृत्रिम’ ठरवून बाजूला सारले गेले. रचनेच्या दृष्टीने मात्र त्यांतून एक महत्त्वाची गोष्ट दिसते. रामकथा श्रोत्याला आधीच ठाऊक आहे. तिच्यात वाट चुकण्याची शक्यता नाही. म्हणून कवी रचनेला वाट दाखवण्याच्या जबाबदारीतून पूर्ण मोकळे करू शकतो. एकच आशय अनेक संगतींत मांडता येतो, आणि कोणतीही संगती त्या आशयाची एकमेव संगती नसते, हे या रामायणांनी सिद्ध केले.

याला एक अट होती. संहिता आणि श्रोता यांच्यामध्ये पुराणिक बसलेला होता. अवघड समासाची फोड करणे, मागचा प्रसंग स्मरून देणे, पुढच्या पर्वाकडे बोट दाखवणे ही सारी कामे तो करीत असे. ‘आर्याभारता’सारख्या विशाल रचनेत पर्व आणि आर्या यांचे अनुक्रम असले, तरी श्रोत्याला ते माहीत असण्याची गरज नव्हती. वाट पुराणिकाच्या स्मरणात होती. पुराणिक आहे तोवर दुर्बोध रचना हा दोष ठरत नाही. तो उठून गेला की मागे फक्त संहिता उरते, आणि तिने स्वतःची वाट स्वतः सांगावी अशी अपेक्षा प्रथमच निर्माण होते.

गावाच्या दप्तराचीही स्थिती हीच होती. कुलकर्ण्याच्या घरी रुमालांत बांधलेले मोडी कागद कोणत्या क्रमाने आहेत, कोणत्या शेताचा झाडा कोणत्या रुमालात आहे, हे कुलकर्ण्याला ठाऊक असे. शेतांना नावे होती, पण त्या नावांचा अर्थ गावकुसाच्या आत. बाहेरून आलेल्या माणसाला कुलकर्ण्याचे तोंड हीच सूची. दप्तर लिखित असले तरी त्याचे मार्गनिर्देशन मौखिक होते.

३

एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकात कंपनी सरकारच्या दृष्टीने हीच मुख्य अडचण होती. रॉबर्ट कीथ प्रिंगल याने दख्खनमध्ये केलेली पहिली मोजणी रिकार्डोप्रणीत खंडसिद्धान्तावर उभी होती. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे उत्पन्न, त्यातून लागवडीचा खर्च वजा, उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा सरकारचा, अशी तिची मांडणी होती. तिच्यासाठी आकड्यांचा प्रचंड पसारा जमवला गेला. इंदापूर तालुक्यात हे दर लागू झाले आणि फसले. आकारणी पेलेना, लागवड आटली, कुळे गाव सोडू लागली, आणि कागदांवरील आकडे तळच्या कारकुनांनी हवे तसे भरल्याचेही उघड झाले.

या अपयशाचे आर्थिक विश्लेषण इतिहासकारांनी केले आहे. संहितेच्या अंगाने पाहिले तर आणखी एक दोष दिसतो. प्रिंगलचे प्रलेखन ज्या क्रमाने सिद्धान्ताने विचार केला त्या क्रमाने रचलेले होते. त्यात रचणाऱ्याची विचारपरंपरा होती, पण कुणब्याचा साधा प्रश्न, ‘माझ्या या तुकड्यावर यंदा किती?’, त्या परंपरेच्या अगदी टोकाला, अनेक गणितांपलीकडे होता. उत्तर तपासून पाहण्याची वाट त्याला नव्हती. म्हणूनच मधल्या माणसाला उत्तर बदलता आले.

१८३५–३६ मध्ये गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी इंदापुरात नवे काम हाती घेतले. १८३६ साली त्यांचे दर तीस वर्षांच्या मुदतीने लागू झाले, आणि १८४७ मध्ये डेव्हिडसनसह त्यांनी सादर केलेल्या संयुक्त अहवालात या पद्धतीचे नियम निश्चित झाले. तिचा गाभा आश्चर्यकारक इतका साधा होता. घटक म्हणून शेत घ्यायचे, त्याच्या सीमा दगडांनी आणि बांधांनी कायम करायच्या आणि त्याला एक क्रमांक द्यायचा. मातीची प्रत खोलीवरून आणि पोतावरून आण्यांत लावायची, दोष असतील ते ठरलेल्या खुणांनी नोंदायचे, प्रत्येक खुणेमागे प्रत एका पायरीने उतरवायची. त्यावरून आकार ठरतो. मुदतीच्या आत आकार बदलत नाही, आणि रयतेला आपल्याकडील कोणताही नंबर सोडता येतो वा पडीक नंबर उचलता येतो.

सर्व्हे नंबर ही येथे पत्त्याची कल्पना आहे. संपूर्ण गावाची कथा न वाचता एका शेताची नोंद स्वतंत्रपणे गाठता येणे, एक नंबर उचलता वा ठेवता येणे, हे क्रमबद्ध कथनाकडून संदर्भलेखनाकडे झालेले संक्रमण आहे. पुढे वाटण्या झाल्या तसा क्रमांक आत आत वाढत गेला. बेचाळीसचा बेचाळीस भागिले एक, त्याचा बेचाळीस भागिले एक अ. आजच्या संगणकीय पुस्तिकांमधील प्रकरण, उपप्रकरण, कलम यांची उतरंड याच रीतीने वाढते. फरक इतकाच की शेताच्या क्रमांकात एका कुटुंबाची वंशावळही दडलेली असते.

पत्ता मिळाला म्हणजे वाचन मिळाले असे मात्र नाही. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे, तत्कालीन भीमथडी आणि आजच्या बारामती तालुक्यात, दख्खनच्या दंग्यांना सुरुवात झाली. त्या उठावाचे विशेष लक्ष्य सावकारांकडील रोखे आणि हुकूमनामे होते. ते हिसकावून जाळण्यात आले. ज्या कागदावर कुणब्याने नांगराची निशाणी केली, तो कागद त्याला वाचता येत नव्हता, आणि तो कोठे, कशाशी जोडून ठेवला आहे हेही त्याला ठाऊक नव्हते. ज्या संहितेत वाट सापडत नाही तिच्याशी संवाद करण्याचा जाळणे हा एकच मार्ग उरला होता. १८७९ च्या शेतकरी संरक्षण कायद्याने असे दस्त गावच्या निबंधकापुढे लिहिण्याचे बंधन घातले, म्हणजे विश्वासाचा एक नवा वाचक मध्ये बसवला. संहितेची रचना तशीच राहिली, फक्त पुराणिक बदलला.

४

१९०३ च्या हक्कनोंदणीच्या कायद्यानंतर आणि अँडरसन यांच्या महसुली हिशेबांच्या पुस्तिकेने गावनमुन्यांना दिलेल्या शिस्तीनंतर जी व्यवस्था स्थिर झाली, ती प्रलेखनाचा नमुना म्हणून अभ्यासण्यासारखी आहे. एकूण एकवीस गावनमुने. त्यांतील सहावा फेरफारांचा, सातवा अधिकार अभिलेखाचा, आठ-अ खात्याचा, बारावा पिकांचा. सात आणि बारा एका कागदावर आले आणि ‘सातबारा’ हा शब्द जन्मला. येथे भाषेने एक मार्मिक गोष्ट केली आहे. कचेरीच्या फडताळातील खणांचे क्रमांक हेच वाचकासाठी वस्तूचे नाव झाले. ‘सातबारा कोरा करा’ ही मागणी करणाऱ्याला सातवा नमुना कोणता आणि बारावा कोणता हे सांगता येईलच असे नाही. रचणाऱ्याची रचना वाचकाच्या बोलीत इतकी खोल उतरली, आणि तरी तिची किल्ली रचणाऱ्यापाशीच राहिली.

सातबारातील प्रत्येक नावाशेजारी वर्तुळात एक आकडा असतो. तो फेरफाराचा क्रमांक. हे नाव येथे का आले, खरेदीने, वारसाने की वाटपाने, याचे उत्तर सहाव्या नमुन्यात त्या क्रमांकाखाली आहे. टेड नेल्सन यांनी १९६५ मध्ये ‘हायपरटेक्स्ट’ हा शब्द योजला, त्याच्या कित्येक दशके आधीपासून तलाठ्याच्या दप्तरात एका नोंदीतून दुसऱ्या नोंदीत उडी मारण्याची ही सोय रूढ होती. सातबारा वर्तमानाचा छेद दाखवतो, फेरफार त्यामागची कथा सांगतो. संदर्भ आणि कथन वेगळे ठेवून त्यांना एका आकड्याने बांधणे, ही रचनेची उत्तम जाण आहे.

याच दप्तरातील आणखी एक प्रथा समीक्षेच्या अभ्यासकाला थांबवील. मृत खातेदाराचे वा विकून बाहेर पडलेल्याचे नाव पुसले जात नाही. त्याला कंस केला जातो. ‘नावाला कंस झाला’ हा वाक्प्रयोग गावोगाव ऐकू येतो. हायडेगर–देरिदा यांच्या लेखनात खोडूनही वाचनीय ठेवलेल्या शब्दाची मोठी तात्त्विक चर्चा झाली. इथल्या दप्तराने ती गोष्ट व्यवहाराची गरज म्हणून केली, कारण नाहीसे झालेले नाव हाच पुढच्या हक्काचा पुरावा असतो. प्रणाली बदलल्यावर जुन्या आवृत्तीचे पान काढून टाकणाऱ्या आजच्या माहितीपुस्तिकांना कंसाची ही नीती उपयोगी पडेल.

या व्यवस्थेचा दुबळा धागाही तितकाच बोलका आहे. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यानंतर ज्या गावांत योजना राबवली गेली, तेथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. पत्ते बदलले. आजोबांच्या खरेदीखतात एक क्रमांक, नातवाच्या उताऱ्यावर दुसराच. दोहोंना जोडणारा एकत्रीकरण योजनेचा उतारा वेगळ्या कचेरीत. दुवा तुटला की संहिता पूर्ण असूनही मुकी होते. या मुकेपणातून किती दावे उभे राहिले असतील, याची कल्पना तालुक्याच्या न्यायालयाच्या आवारात उभे राहिल्यावर येते.

५

संगणकप्रणालीच्या प्रलेखनाचा इतिहास याच वळणांनी गेला आहे. १९७१ मध्ये तयार झालेली युनिक्सची पहिली पुस्तिका विभागांत वाटलेली होती. प्रत्येक आज्ञेला एक नोंद, आणि नोंदीत ठरलेली शीर्षके : नाव, संक्षिप्त रूप, वर्णन, ‘हेही पाहा’, आणि प्रांजळपणे दिलेले ‘दोष’. सर्व्हे नंबरासारखीच ही रचना. पत्ता माहीत असेल तर ती अत्यंत कार्यक्षम ठरते, माहीत नसेल तर निरुपयोगी. ज्याला आज्ञेचे नाव ठाऊक आहे त्यालाच ती त्या आज्ञेची माहिती देते. १९८० च्या दशकात जॉन कॅरल यांनी शिकाऊ वापरकर्त्यांचा अभ्यास करून दाखवले की लोक पुस्तिका क्रमाने वाचत नाहीत. ते आधी काहीतरी करू लागतात, चुकतात आणि मग पुस्तिकेकडे वळतात. १९९० च्या त्यांच्या ग्रंथाने ‘सर्व काही क्रमाने सांगावे’ या गृहीताला धक्का दिला. अलीकडे डॅनिएले प्रोसिडा यांनी प्रलेखनाचे चार प्रकार वेगळे केले आहेत : हात धरून शिकवणारा पाठ, विशिष्ट काम उरकण्याची कृती, संदर्भ आणि विवरण. प्रत्येकामागे वाचकाची एक वेगळी अवस्था असते, आणि त्यांची सरमिसळ झाली की एकही काम धड होत नाही.

मराठीला हे भेद परके नाहीत. केतकरांच्या ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’त आरंभीचे पाच प्रस्तावनाखंड विवरणाचे, नंतरचे शरीरखंड अकारविल्हे संदर्भाचे, आणि त्याशिवाय स्वतंत्र सूचिखंड आहे. एकाच ग्रंथाला तीन दारे हवीत, कारण वाचक तीन प्रकारचे असतात, हे केतकरांनी १९२० च्या दशकातच ओळखले होते.

या पार्श्वभूमीवर संगणकावरील भूमी अभिलेख पाहावेत. २०१७ साली संगणकीकृत सातबारांचे चावडीवाचन झाले. मूळ हस्तलिखित उतारा आणि संगणकातील उतारा यांचा मेळ घालण्यासाठी गावासमोर मोठ्याने वाचणे, ही पाठचिकित्साच होती, आणि ज्यांच्याविषयी ती संहिता आहे त्यांना तिच्या शुद्धीकरणात सहभागी करणारी होती. उतारा पाहण्याची पडद्यावरील वाट मात्र जिल्हा, तालुका, गाव, गट क्रमांक अशी जाते. ती महसूलयंत्रणेची उतरंड आहे. पहिले नाव, मधले नाव, आडनाव असे पर्याय दिलेले आहेत, हे वाचकाच्या बाजूला टाकलेले पाऊल खरे. तरीही वाचकाचा प्रश्न नावाचा वा नंबराचा नसतो. ‘वडिलांच्या पश्चात बहिणींची नावे लागली का?’, ‘फेडलेल्या कर्जाचा बोजा उतरला का?’, ‘नीरा डाव्या कालव्यालगतच्या तुकड्यात माझा हिस्सा किती?’ असे ते प्रश्न असतात. या प्रश्नांतून सहाव्या, सातव्या वा आठ-अ नमुन्यापर्यंत पोहोचवणारी वाट संहितेत नाही. म्हणून उतारा खिशातल्या फोनवर असूनही माणूस तो घेऊन कोणाकडे तरी ‘वाचून घ्यायला’ जातो.

६

२०२० नंतर सातबाराच्या स्वरूपात झालेले बदल या दृष्टीने वाचण्याजोगे आहेत. पूर्वी इतर हक्काच्या रकान्यात पडलेला खाते क्रमांक खातेदाराच्या नावासोबत आला. दोन खातेदारांमध्ये रेघ आली. कमी झालेली नावे आणि बोजे कंसाबरोबरच आडव्या रेघेने खोडून दाखवले जाऊ लागले. गटाशी संबंधित जुने फेरफार क्रमांक शेवटी एका स्वतंत्र रकान्यात एकत्र आले. प्रलंबित फेरफार नसेल तर तसे स्पष्ट लिहिले जाऊ लागले. यांतील शेवटचा बदल लहान दिसतो, पण तो सर्वांत सखोल आहे. ‘काही नाही’ हीदेखील वाचकाला हवी असलेली माहिती आहे, हे रचनेने प्रथमच मान्य केले. कोऱ्या जागेचा अर्थ फक्त जाणकाराला लावता येतो, लिहिलेला नकार कोणालाही वाचता येतो.

यावर एक आक्षेप संभवतो. अभिलेखाचे पहिले कर्तव्य प्रामाण्य आहे. न्यायालयात टिकण्यासाठी त्याचा क्रम पुराव्याचाच असला पाहिजे, वाचकाच्या सोयीसाठी तो मोडता येणार नाही. आक्षेप खरा आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष खरा नाही. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत वर निश्चित पाठ आणि खाली पाठभेद असतात. प्रामाण्याचा व्यवहार आणि वाचनाचा व्यवहार एकाच पानावर, तरी वेगळे नांदतात. अभिलेखाचा क्रम तसाच ठेवून त्यावर प्रश्नांची दुसरी सूची रचणे, वर्तुळातील आकड्याला स्पर्श करताच फेरफाराची कथा साध्या मराठीत उघडणे, कंसातील नाव का गेले हे तेथेच सांगणे, याने प्रामाण्याला कोणतीही बाधा येत नाही. उलट चूक लवकर सापडते. प्रिंगलचे आकडे बिघडले ते वाचणाऱ्याला तपासता येत नव्हते म्हणून.

आता तर वाचकाची भूमिकाच बदलली आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत बाराव्या नमुन्याची नोंद शेतकऱ्याने स्वतः, शेतात उभे राहून, फोनवरून करावयाची आहे. ज्या संहितेचा तो पावणेदोनशे वर्षे विषय होता, तिच्या एका रकान्याचा तो लेखक झाला. रोलाँ बार्थ यांनी वाचकाच्या जन्मासाठी लेखकाचा मृत्यू आवश्यक मानला. इंदापूरच्या शिवारात मात्र वाचक म्हणून नीट जन्मण्याआधीच शेतकऱ्यावर लेखकपण आले आहे. पोटखराब म्हणजे काय, मिश्र पीक कसे मांडावे, सामाईक खात्यात कोणी नोंदवावे, चुकलेली नोंद कोठे दुरुस्त होते, हे त्याला नोंद करतानाच कळले पाहिजे. ते न कळल्यास विमा, कर्ज, नुकसानभरपाई यांतील त्याचा वाटा चुकतो. कॅरल यांचा शिकाऊ चुकून शिकत होता. येथे चुकीची किंमत एका हंगामाची असू शकते. प्रलेखनाच्या रचनेचा प्रश्न या जागी सौंदर्याचा किंवा सोयीचा राहत नाही.

मोरोपंतांच्या श्रोत्याला वाट माहीत नसली तरी चालत होते, कारण कथा त्याची होती आणि पुराणिक समोर होता. सातबाराच्या वाचकाची जमीन त्याची आहे, पण कथा नमुन्यांत विखुरलेली आहे आणि मध्यस्थ दर वळणावर मोबदला मागतो. संगणकाने मध्यस्थ हटवल्याचा दावा केला जातो. तो खरा ठरायचा तर मध्यस्थाच्या स्मरणात असलेली वाट संहितेत उतरवावी लागेल. कोणता वाचक कोणता प्रश्न घेऊन, कोणत्या बाजूने आत येतो, याचा शोध घेणे हे समीक्षेचे जुनेच काम आहे. इझर यांनी कादंबरीतील सूचित वाचक शोधला, तसा गावनमुन्यातील सूचित वाचक शोधला, तर आजवर तो एक कारकून होता असे आढळेल. त्या जागी शेतकऱ्याला बसवायचे तर इंदापूरच्या मोजणीतून आलेले रकाने पुन्हा नव्याने, त्याच्या प्रश्नांच्या क्रमाने वाचावे लागतील. साहित्याच्या अभ्यासकाला हे काम परके वाटण्याचे कारण नाही.